घरात ऐकले गेले असते तर

मुलांच्या कानाला इअरफोन आणि ओठ भराभर हलताहेत, हे दृश्य आता घरोघरी दिसते. 'याला गाणे म्हणायचे का? नुसते घडाघडा बोलणे!' ही मोठ्यांची तक्रारही नेहमीची. रॅपबद्दल आपल्या घरांत फारसे चांगले मत नाही आणि त्याला कारण आहे. बाजारात जे रॅप जास्त वाजते, त्यात पैशाची, गाड्यांची, नशेची बढाई असते आणि स्त्रीचा उल्लेख बहुधा शोभेच्या वस्तूसारखा येतो. आईवडिलांना ते खटकणारच.

या महिन्यात मात्र आम्ही याच रॅपमधल्या काही मुलींबद्दल लिहीत आहोत. बढाई बाजूला ठेवून त्यांनी या तालावर आपली कैफियत मांडली.

तसे पाहिले तर रॅपचा जन्मच कैफियतीच्या जवळचा. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागात त्याची सुरुवात झाली. वाद्ये घ्यायला पैसे नसलेली मुले तबकडीच्या तालावर बोलू लागली. १९७९ मध्ये ज्या तबकडीने रॅप दूरवर पोहोचवले, ती काढणाऱ्या कंपनीच्या मागे सिल्विया रॉबिन्सन ही स्त्रीच होती. पुढे या क्षेत्रावर पुरुषांचा वरचष्मा राहिला.

सोनिता अलीजादा ही अफगाणिस्तानातल्या हेरातची मुलगी. १९९६ चा जन्म. तालिबानच्या काळात तिचे कुटुंब इराणला निघून गेले. तेहरानमध्ये कागदपत्रे नसलेल्या निर्वासितांच्या मुलांना शाळेत जागा नव्हती. ती साफसफाईची कामे करायची आणि एका संस्थेत लिहायला-वाचायला शिकायची. दहा वर्षांची असताना तिच्या लग्नाची पहिली बोलणी झाली, पण ती फिसकटली. सोळाव्या वर्षी आई पुन्हा तोच विषय घेऊन आली. भावाचे लग्न करायचे होते आणि त्याच्या वधूसाठी रक्कम मोजायची होती. ती सोनिताच्या लग्नातून उभी राहणार होती: सुमारे ९,००० डॉलर.

आईला काय म्हणावे, हे सोनिताला सुचत नव्हते. मग तिने ते रॅपमध्ये म्हटले. इराणमध्ये स्त्रीने पुरुषांसमोर एकटीने गाण्यास बंदी असल्यामुळे ध्वनिमुद्रण लपूनछपून करावे लागले. २०१४ मध्ये 'दुख्तर-फरोशी' हे गाणे आले. आपल्या वाचकांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. त्याच्या चित्रफितीत ती वधूच्या पोशाखात उभी आहे, चेहऱ्यावर माराचे वळ रंगवलेले आणि कपाळावर दुकानातल्या मालावर असतो तसा बारकोड. गाणे जगभर पाहिले गेले. त्यामुळे तिला अमेरिकेतल्या एका शाळेत प्रवेश मिळाला आणि लग्न टळले. पुढे ती पदवीधर झाली, ऱ्होड्स शिष्यवृत्तीही तिने मिळवली. नंतर आईचे मनही बदलले, असे ती सांगते. त्या आईचे स्वतःचे लग्नही कोवळ्या वयातच लावून दिलेले होते. तिला तेव्हा कोणी विचारले होते?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वधूच्या बापाला किंवा भावाला मिळणाऱ्या या रकमेला तिकडे 'शीरबहा' म्हणजे दुधाची किंमत म्हणतात, पश्तूमध्ये 'वलवर'. ही मेहर नव्हे. मेहर हा वधूचा स्वतःचा हक्क आहे, त्यातल्या पैशालाही बापभावाने हात लावायचा नाही. आपल्याकडे नेमकी उलटी रीत शिरली आहे: मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा आणि मेहर नुसती कागदावर राहायची. दोन्हीकडे व्यवहार मोठ्यांचा आणि मुलगी गप्प.

हजरत खनसा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा त्या थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि तो निकाह रद्द ठरला. सोनिताला मात्र दाद मागायला माइकखेरीज दुसरी जागा सापडली नाही.

अशी ती एकटी नाही. कराचीच्या ल्यारी भागातली ईवा बी नकाबमध्ये राहून उर्दू आणि बलोचीत रॅप करते. घरून तिला आधी विरोधच झाला. २०२२ मध्ये कोक स्टुडिओच्या 'कना यारी' या गाण्यात ती होती आणि बलोची भाषा लाखो नव्या कानांपर्यंत गेली. ल्यारीचे नाव आजवर टोळीयुद्धाच्या बातम्यांतच यायचे. आपल्या मुंबईत, गोवंडीच्या वस्तीतली सानिया एमक्यू ही रिक्षाचालकाची मुलगी हिजाब घालून गरिबीबद्दल आणि आपल्या गल्लीबद्दल बोलते. गोवंडीविषयी बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिले, पण तिथल्या मुलीने स्वतः सांगणे वेगळेच.

संगीत जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्याचा निवाडा करण्याची या स्तंभाची योग्यता नाही. प्रत्येक घराने आपल्या जाणत्यांना विचारून ठरवावे. आपल्या मुलींनी रॅपर व्हावे, असाही आमचा आग्रह नाही. पण 'या मुली स्टेजवर का गेल्या?' असे विचारताना त्याआधीचा प्रश्न आपण सोडून देतो: घरात त्यांचे कोणी ऐकले होते का?

आपल्या घरातली मुलगी रॅप करत नसेल. ती वहीत काही लिहीत असेल, मैत्रिणीशी तासन्‌तास बोलत असेल, किंवा स्थळाची गोष्ट निघाली की उठून आत जात असेल. 'मुलगी गप्प आहे म्हणजे राजी आहे' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. गप्प राहण्यात लाज असते, तशी भीतीही असू शकते. यातले काय आहे, हे तिच्याजवळ बसल्याशिवाय अम्मीला कळणार नाही आणि अब्बांना तर नाहीच नाही.

तेव्हा वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, शिक्षणाचा असो वा निकाहचा, यापुढे घरात निर्णय घ्याल तेव्हा मुलीला समोर बसवा आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. तिचे म्हणणे पटेलच असे नाही. पण ते पहिल्यांदा आपल्या कानावर पडावे, जगाच्या नंतर नव्हे.