टाळेबंदीत कायद्याला रजा नको

साथीच्या काळात पर्यावरणाचे नियम सैल सोडावेत, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. माणसे मरत असताना धुराड्यातला धूर काय मोजत बसायचे? तपासनिसालाही संसर्गाची भीती आहे, कारखानदार आधीच मेटाकुटीला आलाय, आणि औषधे व प्राणवायू याच कारखान्यांतून यायचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २६ मार्च २०२० रोजी याच धर्तीवर जाहीर केले, की साथीमुळे मोजमाप वा अहवाल राहून गेले तर सहसा दंड मागणार नाही. ही सवलत ऑगस्टअखेरपर्यंत चालली.

यातले खरे आहे ते मान्य करू. प्रयोगशाळेलाच कुलूप असेल तर सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल उशिरा येणार. त्यासाठी कोणाला दंड लावणे हा अन्यायच. पण कागद उशिरा पोचणे वेगळे आणि टाकीकडे कोणाचेच लक्ष नसणे वेगळे.

विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे हा फरक बारा जणांच्या जिवावर बेतला. एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातल्या टाकीत स्टायरीन साठवलेले होते. हे रसायन नुसते पडून राहिले तरी त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात, त्यातून उष्णता निघते आणि त्या उष्णतेने जोडणी आणखी वेग घेते. म्हणून टाकी थंड ठेवावी लागते, जोडणी रोखणारे द्रव्य मिसळत राहावे लागते आणि तापमानावर डोळा ठेवावा लागतो. टाळेबंदीत उत्पादन थांबले होते, टाकीतली क्रिया मात्र चालूच होती. वाफ कारखान्याशेजारच्या वेंकटापुरमच्या झोपलेल्या घरांत शिरली. रोधक द्रव्य अपुरे होते आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नाही, असे राज्य सरकारच्या चौकशी समितीला आढळले. तिथल्या उत्पादनाला वैध पर्यावरण मंजुरी नसल्याचे कंपनीनेच २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात सांगितले होते. करोनासाठी सज्ज होत असलेल्या रुग्णालयांत त्या दिवशी शेकडो माणसे दुसऱ्याच विषाने गुदमरत दाखल झाली. नियम बाजूला ठेवले की आरोग्यसेवेवरचा भार हलका होतो, असे म्हणणाऱ्यांनी त्या सकाळचा हिशेब द्यावा.

दुसरा आक्षेप अर्थव्यवस्थेचा: प्रकल्प अडले तर रोजगार कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांनी टाळेबंदीत काय घडले तेही पाहावे. ७ एप्रिल २०२० रोजी, सारा देश घरात कोंडलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक दूरदृश्य प्रणालीवर झाली. गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाच्या रुंदीकरणाला आणि वीजवाहिनीला तिने हिरवा कंदील दिला. त्याच महिन्यात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा राजपत्रात आला. त्यात जनसुनावणीच्या पूर्वसूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० वर आणली होती, आणि मंजुरीआधीच काम सुरू करणाऱ्यांना मागाहून मंजुरी मिळण्याची वाट करून दिली होती. मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच होता. रायगड-रत्नागिरीच्या मच्छीमाराने तो कसा वाचावा? अखेर दिल्ली उच्च न्यायालयाला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश द्यावा लागला.

जनसुनावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे मोल सांगायला नको. मांडव, समोर जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी, चालू कॅमेरा, आणि निवेदनाचा कागद घट्ट धरून माइककडे निघालेली गावातली बाई. तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावेच लागते. गर्दी नको म्हणून सुनावणी थांबवायची, हे मला पटते. मग त्या सुनावणीविना पुढे सरकणारी मंजुरीही थांबली पाहिजे. तोडलेले जंगल साथ ओसरल्यावर परत उभे करता येत नाही. प्रकल्प सहा महिन्यांनी उभा राहिला तर चालते.

संकटात नियम कडक करता येतात, हेही आपण पाहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२० मध्येच करोना-कचऱ्यासाठी दुहेरी पिशव्या, त्यांवर वेगळी खूण आणि स्वतंत्र नोंद बंधनकारक केली. हा नियम कचरा उचलणाऱ्या हातांसाठी होता. आणि सवलत द्यावीच लागली तर ती कशी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी दाखवले. दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी लोक तडफडत असताना तुतिकोरिनचा बंद स्टरलाइट प्रकल्प उघडला, पण फक्त प्राणवायूपुरता. तांब्याची भट्टी बंदच राहिली, मुदत ३१ जुलैपर्यंत ठरली आणि देखरेखीला समिती बसली. २०१८ मध्ये याच प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे गेली होती, म्हणून ही बंधने फार महत्त्वाची होती.

हीच रीत राज्याच्या साथरोग नियमांत लेखी यावी. सवलत कोणत्या कामाला, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे आदेशातच छापलेले असावे. घातक रसायने साठवणाऱ्या कारखान्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे तयार असावी, आणि टाळेबंदी जाहीर होईल त्या दिवसापासून त्यांच्या टाक्यांचे तापमान रोज जिल्हाधिकारी कार्यालयात कळवले जावे.