घोडा किती सेकंदांत भरधाव होतो?



आपल्या मुळशी-मावळात शर्यत म्हटली की आधी बैलगाडा आठवतो. घाटात गाडा सुटतो, पुढे घोडी पळते आणि पापणी लवेपर्यंत बारी संपते. सगळा हिशेब बारा-पंधरा सेकंदांचा. तिथे ज्याची उठावणी चांगली, त्याचा गाडा पुढे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या होत्या, १८ मे २०२३ च्या निकालाने त्या कायम सुरू राहिल्या. त्यामुळे आपल्या पोरांची नजर याच शर्यतीत तयार झालेली आहे. हीच नजर घेऊन माणूस पुण्याच्या रेसकोर्सवर गेला की फसतो. कसा, ते सांगतो.

पिरंगुट भागातल्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. पावसाळ्यात पुण्यात घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या की त्यांचा पगार तिकडे वळतो. घरी बायकोच्या बचत गटाचे तीन हप्ते थकले. हरून आले की सांगणे एकच : "माझा घोडा सगळ्यांच्या आधी सुटला होता, शेवटी नशीब फिरले." त्यांना मी जे समजावले तेच इथे लिहितो.

शर्यतीचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलो वजनाचा. एवढे धूड जागेवरून उठते आणि पाच-सहा सेकंदांत ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जाते. आपल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलला साठ गाठायला सात-आठ सेकंद लागतात, म्हणजे पेट्रोलवाली मागे राहिली! एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर. चांगला घोडा उभ्या अवस्थेतून पहिला फर्लांग साधारण साडेतेरा सेकंदांत कापतो, दुसरा अकरा-साडेअकरा सेकंदांत. भागाकार करून पाहा. पहिल्या फर्लांगात सरासरी ताशी त्रेपन्न-चोपन्न किलोमीटर, दुसऱ्यात त्रेसष्ट ते सहासष्ट. म्हणजे वेगाचा मोठा भाग पहिल्या काही ढांगांतच येतो आणि उरलेला दुसऱ्या फर्लांगापर्यंत भरून निघतो. विक्रमच पाहायचा तर अमेरिकेत २००८ साली विनिंग ब्रू नावाच्या दोन वर्षांच्या घोडीने दोन फर्लांगांत सरासरी ताशी ७०.७६ किलोमीटर वेग नोंदवला.

हे बळ येते मागच्या पायांतून. घोड्याच्या पुठ्ठ्यात स्नायूंचा ढीग असतो, आणि गुडघ्याखाली मात्र नुसते हाड व शिरा. पाय खाली हलका असल्याने तो झपकन पुढे फेकता येतो. (म्हणूनच तो मोडतोही लवकर.) सुटताना मागच्या पायांनी जास्तच जोर लावला तर तोंडाकडची बाजू वर उचलली जाते, म्हणून पहिल्या ढांगांत घोड्याला ताकद असूनही पुरती वापरता येत नाही. जॉकी मानेवर ओणवा होतो त्याचे हेही एक कारण. शिवाय घोड्याची प्लीहा म्हणजे रक्ताची गंगाजळी. पळायची वेळ आली की ती आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. विसाव्याला मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे हृदय दोनशेच्या वर जाते. भरधाव पळताना श्वास ढांगेला बांधलेला असतो : एक ढांग, एक श्वास.

आता मुद्दा. शर्यत बाराशे मीटरची असते, कधी सोळाशेची, आणि मुंबईची इंडियन डर्बी तर २४०० मीटरची. बाराशे मीटरला सत्तर-बहात्तर सेकंद लागतात. त्यातल्या पहिल्या पाच सेकंदांत पुढे निघालेला घोडा पाहून आपला माणूस टाळ्या पिटतो, कारण घाटात तेवढ्यातच निम्मे काम झालेले असते. इथे अजून साठ-पासष्ट सेकंद शिल्लक आहेत. कमाल वेग गाठला की तो टिकवता येत नाही. स्नायू थकतात आणि घोडा हळूहळू मंदावू लागतो. शेवटच्या टप्प्यात मागून एखादा घोडा झेपावत आला असे आपल्याला वाटते ना, तो बहुतेक वेळा वेग वाढवत नसतो. तो इतरांपेक्षा कमी मंदावत असतो, एवढेच. जॉकीने त्याला आधी आवरून धरलेले असते. तेव्हा नशीब बिशीब काही फिरलेले नाही.

घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटले. हे वाक्य त्या गृहस्थांना पाठ आहे. पण कौशल्य कोणाचे? घोड्याचे, जॉकीचे, पहाटे उठून त्याला फिरवणाऱ्या मोतद्दाराचे, आणि मागच्या शर्यतींच्या वेळा लिहून ठेवणाऱ्याचे. कामाची पाळी संपवून खिडकीवर धावत जाणाऱ्याकडे वही तरी असते का?

शिवाय मी वाणिज्य शाखेचा, मला कर दिसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. घोडा पहिला येवो की शेवटचा, हा कर पेटीतून घोडा सुटण्याआधीच ठरलेला असतो.