भाडे वैध, पण भाडेकरूचे काय?

रमजानच्या उत्तरार्धात घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने, रोकड, दुकानातील माल, शेअर यांची बेरीज करून अडीच टक्के बाजूला काढले जातात. हा हिशेब 'किती द्यायचे' एवढ्यावर थांबत नाही. जे साठले ते कोठून आले, हाही प्रश्न त्यात असतो. इस्लामने व्याज निषिद्ध ठरवले, भाडे नाही. म्हणूनच व्याज टाळू पाहणाऱ्या पगारदाराला 'रीट' जवळचा वाटतो. निवृत्तीनंतर बसल्या जागी चार पैसे यावेत, असे वाटणाऱ्या इतरधर्मीय शेजाऱ्यालाही तो तितकाच उपयोगी वाटू शकतो.

रीट म्हणजे अनेकांच्या पैशांतून इमारती घेऊन त्यांचे भाडे वाटणारा ट्रस्ट. अमेरिकेत १९६० मध्ये त्यासाठी कायदा झाला. तेथे करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावाच लागतो. भारतात नियम २०१४ मध्ये आले आणि पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. आपल्याकडचे रीट प्रामुख्याने कार्यालये आणि मॉल यांचे आहेत. रुग्णालयांचे रीट परदेशात रुजले. मलेशियातील 'अल-अकार हेल्थकेअर रीट' २००६ मध्ये बाजारात आला. इस्लामी तत्त्वांवर चालणारा जगातील पहिला सूचीबद्ध रीट अशी त्याची ओळख आहे. तेथील नियमानुसार अशा रीटला दारू, जुगार, व्याजी व्यवहार यांसारख्या निषिद्ध धंद्यांतून येणारे भाडे एकूण भाड्याच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावे लागते.

रीत साधी आहे. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवायची आणि मिळालेला लाभांश पुन्हा त्यातच घालायचा. बाजार पडला की तेवढ्याच पैशांत अधिक युनिट येतात. फळ मिळायला वर्षे लागतात. आजारपणाला मंदी नसते, म्हणून रुग्णालयाचे भाडे कधी थकत नाही, अशी अनेकांची समजूत असते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ही समजूत खोटी ठरली. २०१६ मध्ये 'मेडिकल प्रॉपर्टीज ट्रस्ट'ने 'स्टुअर्ड हेल्थ केअर'च्या तेथील रुग्णालयांच्या मालमत्तेत १.२ अब्ज डॉलर घातले. कालपर्यंत मालक असलेली रुग्णालये आपल्याच इमारतींत भाडेकरू झाली. २०२३ मध्ये ट्रस्टने लाभांश जवळपास निम्म्यावर आणला. मे २०२४ मध्ये स्टुअर्ड दिवाळखोरीत गेली आणि ऑगस्टअखेर बॉस्टनचे कार्नी व एअर गावचे नॅशोबा व्हॅली ही दोन रुग्णालये बंद पडली. भाडे हे एकमेव कारण नव्हते, पण तो बोजा लहानही नव्हता. गुंतवणूकदाराचा लाभांश घटला. रुग्णाचा तर दवाखानाच गेला.

येथे एक जुना दाखला आठवतो. १२८४ मध्ये सुलतान कलावूनने कैरोत मोठे रुग्णालय उभारले. त्याच्या खर्चासाठी मालमत्ता वक्फ केल्या आणि त्यांचे भाडे रुग्णांच्या औषधपाण्याकडे वळवले. तेव्हा भाडे रुग्णालयाकडे वाहत होते. आज ते रुग्णालयाकडून गुंतवणूकदाराकडे वाहते. प्रवाह उलटला म्हणून तो लगेच अवैध ठरत नाही. भाडेपट्ट्यातून मोकळा झालेला पैसा नवे विभाग, नवी यंत्रे यांत जात असेल, तर दोघांचेही भले होते. तो मालकांच्या खिशात जात असेल, तर मागे उरते फक्त ओझे.

म्हणून युनिट घेण्यापूर्वी वार्षिक अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात. सगळे भाडे एकाच भाडेकरूकडून येते का? भाडे देऊन झाल्यावर रुग्णालयाच्या हाती पुरेसे उरते का? ट्रस्टवर व्याजी कर्ज किती आहे? परदेशी चलनाचे चढउतार आणि कर यांचा हिशेब वेगळा करावा लागेलच.

जकात उरलेल्या संपत्तीला शुद्ध करते, अशी श्रद्धा आहे. मात्र जो पैसा एखाद्या रुग्णालयाचा श्वास कोंडून आला, त्याचा प्रश्न अडीच टक्क्यांनी सुटत नाही. तो पैसे गुंतवतानाच विचारावा लागतो.