आकडा घसरला, ओढ आटली नाही

मोटारशर्यतींचा जमाना सरला, असा निकाल अलीकडे फार सहज दिला जातो. पुरावा म्हणून दूरचित्रवाणीचे आकडे पुढे केले जातात. अमेरिकेतली डेटोना 500 ही शर्यत 2006 मध्ये सरासरी 1 कोटी 94 लाख लोकांनी पाहिली होती. 2025 मध्ये हाच आकडा 70 लाखांच्या खाली राहिला. आकडे खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. लोकांची ओढ संपलेली नाही. ती ज्या वाटेने घरात शिरते, ती वाट शर्यत चालवणाऱ्यांनीच वेळोवेळी अडवली. जिथे ती मोकळी झाली तिथे माणसे परतली, असे माझे म्हणणे आहे.

सर्वांत जुना आक्षेप आधी घेऊ. शर्यत घरबसल्या दिसली तर तिकीट काढून कोण येणार, हा तो आक्षेप. याच भीतीने अमेरिकेतल्याच इंडियानापोलिस 500 या शर्यतीने अनेक दशके स्वतःला झाकून ठेवले. 1949 आणि 1950 मध्ये तिथल्या स्थानिक वाहिनीने शर्यत थेट दाखवली आणि लगेच ते दार बंद झाले. पुढे 1964 ते 1970 या काळात थेट शर्यत बघायची तर चित्रपटगृहात पैसे मोजून बसावे लागे. 1971 पासून एबीसी वाहिनी तिचे चित्रण त्याच दिवशी संध्याकाळी दाखवू लागली, म्हणजे कोण जिंकले हे रेडिओवर ऐकून झाल्यावर. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे थेट प्रक्षेपण देशाला मिळाले ते 1986 मध्ये. ज्या शहरात शर्यत होते त्या शहराला मात्र त्यानंतरही थेट दर्शनाची बंदीच होती.

ही भीती खरी होती का? डेटोनाचा इतिहास पाहा. 18 फेब्रुवारी 1979 रोजी सीबीएस वाहिनीने डेटोना 500 पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत देशभर थेट दाखवली. पूर्व अमेरिका त्या दिवशी बर्फाखाली गाडली गेली होती आणि माणसे घरात अडकून पडली होती. शेवटच्या फेरीत आघाडीवरचे केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर आदळून बाहेर फेकले गेले. मागून आलेला रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे गवतावर यारबरो, डॉनी आणि डॉनीचा भाऊ बॉबी अशा तिघांची हाणामारी जुंपली. दक्षिणेकडच्या राज्यांचा मानला जाणारा हा खेळ त्या दुपारी साऱ्या देशाच्या ओळखीचा झाला. त्यानंतर डेटोना 500 भरवणाऱ्या नॅसकार या संघटनेची मैदाने ओस पडली नाहीत. उलट पुढची दोन दशके नवी मैदाने बांधावी लागली.

खुद्द इंडियानापोलिसनेही हेच सिद्ध केले. 2016 मध्ये शंभराव्या शर्यतीची सगळी तिकिटे संपली, तेव्हा स्थानिक बंदी उठवली गेली. 2025 मध्ये पुन्हा तसेच झाले. त्या वर्षी जागा भरलेल्या होत्या आणि पडद्यापुढे देशभरातले सुमारे 70 लाख लोक होते. 2008 नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. मैदान आणि पडदा एकमेकांचे वैरी असते, तर दोन्ही एकाच दिवशी भरले नसते.

दुसरा आक्षेप असा की तरुणांना मोटारीचे वेड उरलेले नाही आणि तासन्‌तास गोल फिरणाऱ्या गाड्या बघण्याइतका धीर कोणाकडे नाही. मग त्याच अमेरिकेत फॉर्म्युला वनचे काय झाले? 2018 मध्ये तिथे एका शर्यतीला सरासरी साडेपाच लाखांच्या आसपास प्रेक्षक होते. 2022 मध्ये ते 12 लाखांपर्यंत गेले. मधल्या काळात गाड्या काही दुप्पट रंजक झाल्या नव्हत्या. 2023 मध्ये तर 22 पैकी 19 शर्यती एकट्या मॅक्स व्हर्स्टापनने जिंकल्या. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल ठाऊक असावा अशी ती स्थिती होती, तरी प्रेक्षक पूर्वीच्या पातळीवर घसरले नाहीत. बदलले ते दोनच. ईएसपीएनवर शर्यत जाहिरातींचा व्यत्यय न येता दिसू लागली. आणि 2019 पासून नेटफ्लिक्सच्या ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ या मालिकेने हेल्मेटमागचे चेहरे घराघरांत नेले. चालक ओळखीचा झाला की सतराव्या स्थानासाठीची झुंजही जिवाला लागते. तरुण मोटारीला विटले असते, तर हे घडलेच नसते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कारणे काहीही असोत, आकडा खाली आला ना? आला, आणि मी ते नाकारत नाही. पण अमेरिकेत गेल्या वीस वर्षांत एकेका वाहिनीपुढे बसणारी गर्दीच पांगली आहे. मालिका, बातम्या, सोहळे, सगळ्यांचे आकडे उतरले. गावची विहीर आटली तर एकाच घराची घागर रिकामी का म्हणून विचारायचे? शिवाय मोजणीही बदलली. 2020 पासून घराबाहेर, हॉटेलांत वा मित्रांकडे बसून बघणारेही राष्ट्रीय आकड्यांत धरले जातात. म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना जपूनच करायला हवी. हे मी माझ्या बाजूच्या आकड्यांनाही लावतो. 2025 च्या वाढीत मोजणीचाही वाटा असणार.

तरीही काही घसरण खरी आहे, आणि तिचे मूळ प्रेक्षकांत नाही. इंडियानापोलिसचे मोठे नुकसान भाऊबंदकीने केले. मैदानाचे प्रमुख टोनी जॉर्ज यांनी वेगळी लीग काढली आणि 1996 मध्ये 33 पैकी 25 जागा आपल्या लीगच्या संघांसाठी राखून ठेवल्या. दुसऱ्या गटाने, म्हणजे कार्टने, त्याच दिवशी मिशिगनमध्ये आपली वेगळी शर्यत भरवली. नामांकित चालक एकीकडे, नामांकित मैदान दुसरीकडे, आणि प्रेक्षक मध्ये उभा. समेट व्हायला 2008 उजाडले. बारा वर्षांत एक अख्खी पिढी चालकांची नावे न शिकताच मोठी झाली. नॅसकारनेही वेगळी चूक केली. विजेता ठरवण्याचे नियम वारंवार बदलले, कितीतरी शर्यती सर्वांना दिसणाऱ्या वाहिन्यांवरून पैसे भरून घ्यायच्या वाहिन्यांवर गेल्या, आणि जेफ गॉर्डन, टोनी स्टुअर्ट, डेल अर्नहार्ट ज्युनियर असे लाडके चालक 2015 ते 2017 या तीन वर्षांत निवृत्त झाले.

म्हणून माझा सिद्धांत सरळ आहे. लोकांची आवड तीन गोष्टींवर उभी असते: शर्यत सहज दिसावी, चालक ओळखीचा असावा, आणि शर्यतीचा ठरलेला दिवस असावा. मेमोरियल डे या सुट्टीच्या आदल्या दिवशीचा रविवार म्हणजे इंडियानापोलिस, हे अमेरिकेत घराघरांत ठाऊक आहे. 2005 मध्ये डॅनिका पॅट्रिक ही त्या शर्यतीत आघाडी घेणारी पहिली स्त्री ठरली आणि प्रेक्षकसंख्या उसळली. 2025 मध्ये फॉक्स वाहिनीने अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या प्रक्षेपणात इंडीकारच्या, म्हणजे इंडियानापोलिस 500 ज्या मालिकेचा भाग आहे तिच्या, चालकांच्या जाहिराती दाखवल्या आणि मे महिन्यात फळ मिळाले.

हा विचार आपल्यालाही लागू आहे. ग्रेटर नोएडात 2011 ते 2013 अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि थांबल्या. ‘भारताला क्रिकेटपलीकडे काही रुचत नाही’ असे म्हणून आपण मोकळे झालो. पण पहिल्या वर्षी तिथे 90 हजारांहून अधिक माणसे आली होती. शर्यत अडली ती करमणूक कराच्या आणि परवानग्यांच्या वादात. पुढे 2023 मध्ये फॉर्म्युला वन आपल्या नेहमीच्या क्रीडावाहिन्यांवरूनही गेली आणि पैसे भरून ॲपवर पाहण्याची गोष्ट झाली. जी गोष्ट मुलांना टीव्हीवर चॅनल बदलताना सहज सापडत नाही, तिची आवड त्यांना लागावी कशी?

तेव्हा शर्यत भरवणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे: प्रेक्षकांना दोष देण्याआधी दार उघडे आहे का ते पाहा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी आकडा दाखवून एखादा खेळ संपला असे सांगितले, तर तो खेळ लोकांना दिसत होता का, हे आधी विचारा.