बॉनेटवर हात ठेवून बघा!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की एक फायदा (की तोटा?) होतो. नात्यागोत्यात कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की फोन आपल्याला! मलाही काकांचा आला. त्यांची ओतूरजवळ टोमॅटोची शेती. आदल्या वर्षी त्यांनी एक सेकंडहँड पिकअप घेतली होती. रंग चकाचक, सीटकव्हर नवीन. चार महिन्यांत इंजिन खोलावं लागलं, तेही ऐन तोडणीत. भाड्याची गाडी मिळेना, माल बांधावरच सडला. म्हणून या वेळी हुकूम सुटला, "आपला इंजिनिअर बरोबर पाहिजे!"

मी, काका, चुलतभाऊ आणि गावातले मिस्त्री असे चौघे गेलो. बॉनेट उघडलं, आत सगळं धुऊनपुसून लखलखीत. मी म्हणालो, "छान मेंटेन केलंय." मिस्त्रींनी इंजिनजवळ तळहात नेला आणि म्हणाले, "गरम आहे. आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. उद्या सकाळी येतो, तोवर चावी लावू नका." दुसऱ्या दिवशी थंड इंजिनला तीनदा सेल्फ मारावा लागला. चालू इंजिनचं ऑइलचं झाकण काढलं तर आतून धूर फकाफक बाहेर. रिंगा गेलेल्या! ब्लो-बायवर मी व्हायव्हात मार्क मिळवले होते, पण डोळ्यांनी तो तिथंच पहिल्यांदा पाहिला.

माझं मत असं, की इंजिन निवडताना आपला पहिला प्रश्नच चुकतो. "हॉर्सपॉवर किती?" दादा म्हणत होता, माळशेज घाट आहे, पॉवर पाहिजे. अरे, पण ओतूरहून वाशी मार्केटला जाताना भरलेली गाडी माळशेज उतरते, चढते ती रिकामी! तिथं ब्रेक बघायचे. ताकद लागते ती भरल्या गाडीनं शेतातल्या चिखलातून निघताना, म्हणजे कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क बघायचा.

दुसरा प्रश्न, माल किती? 2005 साली आलेल्या टाटा एसचं, म्हणजे छोट्या हत्तीचं, मूळ इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं. क्षमता पाऊण टन. टोमॅटोचं क्रेट 20 किलोचं, वर रिकाम्या क्रेटचं वजन. हिशेब केला तर 34 क्रेटला गाडी फुल! काकांचे असतात 60. म्हणजे बोलेरो पिकअपसारखी 2523 सीसीची, चार सिलिंडरची गाडीच हवी. छोटं इंजिन वाईट नसतं, पण रोज ओव्हरलोड केलं की ते मरतं.

तिसरा प्रश्न, दुरुस्त कोण करणार? कॉमन रेल डिझेलला चांगलं, पण इंजेक्टर गेला की खर्च मोठा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांपैकी अनेकांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसत्या शेत ते मार्केट अशा छोट्या फेऱ्या मारल्या, तर तो पुरेसा तापत नाही आणि तुंबतो. म्हणून ज्याचा मिस्त्री जवळ, ते इंजिन चांगलं!

आता किंमत. मालक म्हणाला 3 लाख 80 हजार, "या मॉडेलला हाच भाव आहे." मिस्त्रींच्या अंदाजानं इंजिनकाम 60 हजार, टायर 24 हजार, इन्शुरन्स-फिटनेस 30 हजार. झाले 1 लाख 14 हजार. काकांनी 2 लाख 60 हजार सांगितले, मालक हसला, आम्ही उठलो. तोडणी पंधरा दिवसांवर आलेली, काकांचा चेहरा पडला होता. दादा तर इसार द्यायलाच निघाला होता! पण घाई ही विकणाऱ्याची सगळ्यात मोठी कमाई असते.

आठवड्यानं दुसरी मिळाली. दोन वर्षांनी जुनी, हौदा ठोकलेला, रंग उडालेला. पण थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू! फायनान्सचा बोजा उतरल्याची एनओसी बघितली, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावं लागतं तेही हिशेबात धरलं. 3 लाख 10 हजारांना व्यवहार झाला, वर खर्च 20 हजार. मॉडेलचं साल आणि रंग म्हणजे किंमत नव्हे. गाडी कामाला लागेपर्यंत जे पैसे जातात, ती खरी किंमत.

काका आता गावभर सांगतात, "पुतण्यानं निवडली!" मी गप्प बसतो. मित्रांनो, आपण इंजिनच्या आकृत्या शीटवर ट्रेस करून सबमिशन उरकतो. या सुट्टीत एकदा तरी गावातल्या गॅरेजमध्ये जाऊन बसा. तिथं टर्मवर्कचे मार्क नाहीत, पण एखाद्या काकांचा हंगाम वाचेल.

– टी. ई. मेकॅनिकल