गट ऑफिसला लॅपटॉप द्या, काट्यावर नको



आपल्या गट कार्यालयांतील टेबलावरचे संगणक जुने झाले असून त्यांच्या जागी लॅपटॉप घ्यावेत, अशी चर्चा सध्या शेतकी विभागात व संचालक मंडळींच्या बोलण्यात ऐकू येते. वार्षिक सभेपुढे हा विषय खर्चाच्या एका ओळीत येईल आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून पुढे जाईल, अशी मला भीती वाटते. ओळ एकच असली तरी तिच्यामागे आपल्या उसाची नोंद, आपले वजन आणि आपले बिल आहे. म्हणून सभेआधी चार शब्द लिहीत आहे.

याबाबत गावागावांत दोन पक्ष पडलेले दिसतात. तरुण सभासद म्हणतात, "आता ते डबे कोण वापरतंय? सगळीकडे लॅपटॉप देऊन टाका." वडीलधारी मंडळी म्हणतात, "चालतंय नव्हं? मग चालू द्या. तो पैसा उसाच्या भावात घाला." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण यंत्र कोणत्या जागी बसणार आणि तिथे काम काय होणार, हे कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की गट ऑफिसला लॅपटॉप जरूर द्यावा, वजनकाट्यावर व हिशेब विभागात मात्र टेबलावरचाच संगणक ठेवावा.

आता बदलायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या संगणकांत बहुतेक ठिकाणी विंडोज १० ही प्रणाली आहे. तिला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. यंत्र त्यामुळे बंद पडत नाही, कालच्यासारखेच चालते, आणि फसगत तिथेच होते. दाराची कडी निखळली तरी दार लोटलेले दिसते, तसा हा प्रकार आहे. जादा पैसे भरून काही काळ दुरुस्ती घेता येते, पण ते जुन्या इंजिनाला भारी तेल घालण्यासारखे झाले. नवी विंडोज ११ घालावी म्हटले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडचा प्रोसेसर व टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डब्यांत ती सोय नाही. ज्या यंत्रात सभासदांचे बँक खाते क्रमांक आहेत आणि जे इंटरनेटला जोडलेले आहे, ते असे उघडे ठेवणे बरे नव्हे. तेव्हा बदल करावाच लागणार, हे वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे.

आता गट ऑफिसचा विचार करू, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

आडसालीची लागण जुलै-ऑगस्टात होते. पावसाचे दिवस. वारा सुटला की लाईट गेलीच. संगणकाखाली यूपीएस असतो, पण त्याच्या पोटात मोटारसायकलला असते तेवढी बॅटरी. नवी असताना पंधरा-वीस मिनिटे दम धरते, दोन-तीन वर्षांनी लाईट जाताच नुसती शिटी वाजवते. मग ऑफिसात गेलेल्या सभासदाला एकच उत्तर मिळते, "अहो, लाईट नाही, उद्या या." उद्याही तेच. शेतकी कर्मचारी बांधावर येऊन वहीत लिहून नेतो आणि लाईट असेल त्या दिवशी ती वही संगणकात चढते. कधी दोन दिवसांनी, कधी पंधरा.

यात नुकसान कोणाचे? तोडणीचा कार्यक्रम लागण तारखेवरून लागतो. ती तारीख वहीतून संगणकात जाताना चुकली, की सभासदाचा नंबर मागे जातो. आमच्या भावकीतल्या एका खात्याची २ ऑगस्टची लागण यंत्रात २० ऑगस्ट म्हणून चढली. कोणाच्या मनात पाप नव्हते. पावसात भिजलेल्या वहीतला '०२' घाईत '२०' वाचला गेला, एवढेच. ते कळले दीड वर्षाने, शेजारच्या फडाला टोळी लागली आणि आमची चिठ्ठी आली नाही तेव्हा. तोवर उसाला तुरा येऊन पांगशा फुटल्या होत्या, बुडखा सोडला तर वरचा ऊस पोकळ. पुढे खोडवाही मागास झाला. अर्ज दिला, तारीख दुरुस्त झाली. वजन काही दुरुस्त झाले नाही.

लॅपटॉपचा उपयोग इथे आहे. नवा असताना तो बॅटरीवर चार-पाच तास सहज चालतो, आणि मुख्य म्हणजे उचलून नेता येतो. आठवड्याचा एक वार ठरवून कर्मचारी सोसायटीच्या कट्ट्यावर किंवा देवळाच्या सभामंडपात बसला, तर नोंद सभासदाच्या समोर होईल. आज गट ऑफिसात पडद्याचे तोंड क्लार्ककडे आणि पाठ आपल्याकडे असते. लॅपटॉप फिरवून समोर धरता येतो. गट नंबर बरोबर आहे का, क्षेत्र चाळीस गुंठे का चौदा, जात ८६०३२ लिहिली की २६५, लागणीची तारीख कोणती, हे सभासदाने डोळ्यांनी पाहावे, ज्याला वाचता येत नाही त्याने नातवाकडून वाचून घ्यावे, आणि मगच बटण दाबले जावे. वहीतून यंत्रात उतरवण्याची मधली पायरीच गेली, की तिच्यात होणारी चूकही गेली.

कोणी म्हणेल, मग मोबाईलच का नको? काही कारखाने बांधावरच मोबाईलवर क्षेत्र मोजून नोंद घेतात, आणि ते चांगले आहे. क्षेत्राच्या कडेने फिरून मोजणी करायला मोबाईलच बरा. पण तीन-चारशे खात्यांची यादी वाचणे, जुनी नोंद शोधून नवीशी ताडून पाहणे, दुबार नोंद काढून टाकणे ही कामे हाताएवढ्या पडद्यावर करताना डोळे आणि डोके दोन्ही शिणतात, आणि शिणलेल्या माणसाकडून चुका होतात. मोजणी मोबाईलवर, ताडणी लॅपटॉपवर, असे असावे.

या बाबतीत सहकारातलाच एक अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरच्या परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजना निघाली. गावात संगणक ठेवायचा, ऊस नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन, बिल तिथेच कळायचे, शिवाय पीकसल्ला, बाजारभाव वगैरे पुष्कळ काही मिळायचे, असा बेत होता. त्या काळी ही केवढी मोठी उडी होती! पण दहा वर्षांच्या आतच मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन शाखेतील मंडळींनी तिथे पाहणी केली, तेव्हा असे दिसले की लोक त्या यंत्राकडे मुख्यतः आपल्या उसाच्या माहितीसाठीच येतात, बाकीच्या गोष्टी फारशा वापरात नाहीत. मग त्यांनी सात गावांत टेबलावरच्या संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर संदेश पाठवून तीच माहिती मिळवण्याचा प्रयोग केला, आणि तो चालला. यावरून संगणक वाईट किंवा मोबाईल थोर, असे काही ठरत नाही. त्यांनी यंत्र बदलण्याआधी लोक यंत्राचे काय करतात हे जाऊन पाहिले, ती पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे खरेदीआधी गट ऑफिसात आठवडाभर बसून कोणी असे पाहिले आहे काय? पाहिले असल्यास तो अहवाल सभासदांपुढे यावा.

आता वजनकाट्याकडे वळू. तिथे लॅपटॉप नेण्याचे काहीच कारण नाही. काटा हलत नाही, मग संगणक हलता कशाला हवा? काट्याच्या इंडिकेटरकडून वजनाचा आकडा पुष्कळ ठिकाणी जुन्या पद्धतीच्या सिरीयल वायरीने संगणकात येतो. त्या वायरीचे तोंड हल्लीच्या लॅपटॉपला नसते. मध्ये एक जोडणी लावावी लागते, ती ऐन हंगामात सैल होते आणि बाहेर वाहनांची रांग लागते. शिवाय हंगामात काट्याचे काम रात्रंदिवस चालते. महिनोन्‌महिने चार्जरला लावून तापत ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी लवकर दुबळी होते, प्रसंगी फुगते. काट्याच्या खोलीतली धूळ, उडून येणारा भुसा आणि टेबलावरचा चहा यांचे तर काय सांगावे. टेबलावरच्या संगणकाच्या कीबोर्डवर चहा सांडला तर चार-पाचशे रुपयांत दुसरा येतो. लॅपटॉपवर सांडला तर अख्खे यंत्र दुरुस्तीला जाते. आणि सभासदाच्या मनातली शंका हीही लहान गोष्ट नव्हे. वजनाचे यंत्र रोज संध्याकाळी कोणाच्या पिशवीतून घरी जाते असे दिसले, तर ते कितीही सरळ असो, बोलणारे बोलणारच. तेथे नवा, चांगला, टेबलाला जखडलेला संगणक आणि बाहेरच्या बाजूला मोठ्या आकड्यांचा फलक असावा. या खर्चाला कोणी सभासद नाही म्हणणार नाही.

हिशेब विभागाचे असेच. तिथली माणसे दिवसभर आकडे पाहतात. त्यांना मान वाकवून छोट्या पडद्यावर बसवले, की वर्षभरात मोठा पडदा आणि वेगळा कीबोर्ड घ्यायची मागणी येईल. मग लॅपटॉप घेऊन वाचवले काय?

गट ऑफिसला लॅपटॉप द्यावा म्हणताना त्याचे धोकेही सांगितले पाहिजेत. उचलून नेता येणारी वस्तू विसरता येते, आणि चोरताही येते. तिच्यात आपली नावे, बँक खाती, सातबाऱ्याचे तपशील असणार. लोकांच्या अशा माहितीच्या रक्षणासाठी देशात २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. तेव्हा यंत्र कोणाच्या ताब्यात आहे याची वही असावी, आतली डिस्क परवलीच्या शब्दाशिवाय उघडणार नाही अशी कुलूपबंद असावी, आणि दिवसभराची नोंद त्याच संध्याकाळी मुख्य कार्यालयात जमा व्हावी. नोंद फक्त त्या एका लॅपटॉपमध्ये राहिली, तर आपण वहीचा धोका घालवून पिशवीचा धोका घेतला असे होईल.

पावतीचेही सांगायला हवे. जागेवर पावती द्यायला एसटीच्या कंडक्टरकडे असते तसले छोटे छपाई यंत्र घेऊ, असे कोणी सुचवते. सोयीचे आहे, पण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. आपला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. ऊस तुटायच्या आत पावती कोरी झाली, तर भांडायचे कशाच्या आधारावर? म्हणून साध्या कागदावरची छापील पावती हवी, आणि तीच माहिती सभासदाच्या मोबाईलवर संदेशानेही यावी.

खरेदीच्या वेळी पाहण्याच्या दोन-तीन गोष्टी संचालक मंडळाच्या लक्षात आणून देतो. कित्येक लॅपटॉपची मेमरी आतल्या पट्टीलाच डाख दिलेली असते, पुढे वाढवता येत नाही. तसले घेऊ नयेत. कंपनीचा माणूस जागेवर येऊन दुरुस्ती करील अशी तीन वर्षांची हमी निविदेतच मागावी, नाही तर यंत्र दुरुस्तीला शहरात जाईल आणि आपण पुन्हा वहीवर येऊ. आणि बॅटरी तीन-चार वर्षांनी उतरतेच, तेव्हा तिचा खर्च आजच अंदाजपत्रकात धरावा. यूपीएसची बॅटरी संपल्यावर नवी येईपर्यंत आपण किती दिवस काढले, ते सर्वांना ठाऊक आहे.

जुन्या संगणकांबद्दल एवढेच, की ते भंगारवाल्याला वजनावर देऊ नयेत. त्यांतली माहिती आधी कायमची पुसावी. जे बरे आहेत त्यांत एसएसडी व लिनक्स घालून गावच्या शाळांना द्यावेत. अगदीच निकामी असतील ते नोंदणीकृत ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावेत, तशी तरतूद २०२२ च्या नियमांत आहे.

येत्या आडसाल लागणीच्या नोंदी सभासदासमोर, गावात बसून आणि टिकाऊ छापील पावतीसह व्हाव्यात, आणि काट्यावरचा संगणक जागचा हलवू नये, अशी लेखी सूचना मी कारखान्याच्या कार्यालयाकडे देत आहे. तिची एक प्रत आमच्या सोसायटीत ठेवली आहे. ज्यांना पटेल त्यांनी सभेच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत आपली सही करावी. ज्यांना पटणार नाही त्यांनी आपले म्हणणे याच पानावर लिहावे.

— एक ऊस उत्पादक सभासद