वाढत्या अंगाचे बूट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललं ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. माझ्या चुलतभावाची मुलगी, वय 14, जानेवारीत औलीला स्कीइंगच्या कोर्सला चालली आहे. आमच्या वेळी बर्फ म्हणजे चौपाटीवरचा गोळा, आता पोरी बर्फावर घसरायला जातायत, आनंदच आहे. पण बातमी पडली आणि सल्ले सुरू. "बूट एक नंबर मोठे घ्या, पाय वाढतोय तिचा." "टोरांटोहून मावशी येणारच आहे, तिच्या मुलाचे जुने आणायला सांगा." "जॅकेट लाल घ्या, फोटोत उठून दिसतं." आणि आमच्या काकू: "आतून सुती बनियन, वरून जाड स्वेटर, अजून काय लागतं?"

यातला एकूणएक सल्ला सात वर्षांपूर्वी मी माझ्या मुलासाठी अमलात आणलाय. म्हणून बोलायचा हक्क आहे.

माझे वडील 1974 साली अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीने आले आणि उधन्याला उतरले. आम्ही पाच भावंडं. "वाढत्या अंगाचं घे" हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीइतकं नेमाने ऐकू यायचं. शाळेच्या पॅन्टची खालची दुमड आई दरवर्षी बोटभर उसवायची. बुटांच्या टोकात कापूस कोंबून मी पाचवी आणि सहावी काढली. त्या काटकसरीला मी हसत नाही, तिच्यावरच आम्ही उभे राहिलो. पण आता भटारला फ्लॅट आहे, दारात गाडी आहे, आणि तरी बूट घेताना हात आपोआप मोठ्या नंबरकडे जातो. ही काटकसर नाही हो, ही नुसती सवय आहे.

तर मुलगा तेव्हा नववीत. मेहुणा न्यू जर्सीहून आला होता, त्याने त्याच्या मुलाच्या जुन्या स्की आणि बूट आणले. अमेरिकेचा माल, फुकट, आणि बूट वाढत्या अंगाचे! पोराचा पाय 25 सेंटिमीटर, बूट 27 चा. मी म्हणालो, दोन लोकरी मोजे घाल, मस्त बसतील. वर साडेसहा हजाराचं जॅकेट घेतलं. बूट फुकटात आल्याची भरपाई जॅकेटवर केली म्हणा ना.

पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी बूट हातात घेऊन सांगितलं, "बेटा, ये बड़ा है, स्टोर से दूसरा ले लो." पोराने फोन केला. मी इथून, पांडेसऱ्याच्या मिलच्या ऑफिसात बसून, काय म्हणालो? "घरचं असताना परक्याच्या घामाचे बूट कशाला? अजून एक मोजा चढव." पोराने सरांना सांगितलं, पप्पा नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी अगदी सावकाश चालीत तो पडला. स्की एका बाजूला वळली, पाय तिच्याबरोबर पिळला गेला, आणि बाइंडिंग काही सुटलं नाही. नडगीचं हाड तडकलं. सहा आठवडे प्लास्टर. त्याला आणायला मी हरिद्वारच्या गाडीत बसलो तेव्हा वाटेत कुणाशी बोललो नाही.

मग शिकलो. आधी शिकायला हवं होतं.

स्कीचा बूट म्हणजे चपला-बूट नव्हे, ते गाडीचं स्टिअरिंग आहे. नडगी पुढे रेटली की स्की वळते. बूट ढिला असेल तर टाच आत उचलते, पाय वळतो आणि स्की सरळच जाते. जाड मोज्यांनी बूट भरतो पण पकड येत नाही, उलट रक्त अडून बोटं गार पडतात. मोजा एकच, पातळ, पोटरीपर्यंतचा. माप साधं आहे: भिंतीला टाच लावून पाय सेंटिमीटरमध्ये मोजायचा, तोच बुटाचा नंबर. बुटाच्या आतलं मऊ लायनर बाहेर काढायचं, नुसत्या कडक कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. दीड-दोन बोटं ठीक. चार बोटं आत गेली तर तो बूट परत. लायनर घालून उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम लागतात, गुडघे वाकवले की मागे सरकतात. नवशिक्याला हे घट्ट वाटतं आणि तो मोठा मागतो. तिथे ऐकायचं नाही.

दुसरी गोष्ट बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरणारी कळ. पडल्यावर ती सुटली पाहिजे, नाहीतर हाड सुटतं. ती किती जोरावर सुटावी हे वजन, उंची, वय, किती येतं आणि बुटाच्या तळव्याची लांबी यावर ठरतं. आमचं बाइंडिंग माझ्या मुलापेक्षा जाडजूड, चांगलं येणाऱ्या पोराला लावलेलं होतं. बूट बदलला तरी ते परत तपासावं लागतं. आणि वजन विचारलं तर खरं सांगायचं! पोरं दोन किलो वाढवतात, पोरी चार कमी करतात.

आता कपड्यांचं. मंडळी, आपण सुरतेत राहतो. अर्ध्या देशाला पॉलिएस्टर नेसवतो. माझी उमर डाइंगमध्ये गेली. सुती कापड पाणी पितं आणि धरून ठेवतं, हे मिलमधला हेल्परसुद्धा सांगेल. सुरतेच्या उकाड्यात तोच त्याचा गुण, बर्फात तोच घात. घामाने भिजलेली सुती बनियन थांबल्या क्षणी अंगावर गार पट्टी होते. जीन्सचं तर नावच नको. अंगाला पॉलिएस्टर किंवा लोकर, मध्ये फ्लीस, वर पाणी अडवणारं कवच. त्या साडेसहा हजारी जॅकेटला नुसतं रिपेलंट फिनिश होतं. पाणी थेंब होऊन ओघळतं, दुकानात ग्लास ओतून दाखवतात, आपण खूश. पण बर्फात बूड टेकलं की दाबाने पाणी आत. आतून कोटिंग आहे का, शिवणींवर टेप आहे का, हे उलटं करून बघा. सुरतकराने एवढं तरी बघावं.

"भाड्याचे बूट घाण असतात" म्हणणाऱ्यांना: हो, वास येतो. मोजा आपला असतो ना? कोर्समध्ये स्की, बूट, पोल मिळतात, बदलून मागता येतात. अमेरिका-कॅनडातले आपलेच लोक वाढत्या मुलांना सीझनभर भाड्याने आणून देतात, दरवर्षी नवं माप. विकत घ्यायचंच तर पाणी न शिरणारे हातमोजे घ्या, गॉगल घ्या, दोन पातळ मोजे, आतले कपडे दोन जोड. हेल्मेट तिथलं चाललं तर उत्तम, पण स्कीचंच हवं, ॲक्टिवाचं नाही. स्की हनुवटीएवढी पुरे. उंच घेतली म्हणजे पोरगी लवकर शिकत नाही.

काल भावाकडे टेप घेऊन गेलो. डावा पाय 23.6, उजवा 23.9, उंची 154, वजन 47. चिठ्ठी तिच्या पाकिटात ठेवलीय, वर लिहिलंय, "सर सांगतील तो बूट. पप्पांना फोन करायचा नाही." टोरांटोच्या मावशीला मीच फोन करून नको म्हणालो, ती जरा रागावलीय. काकूंना बनियनचं अजून पटलेलं नाही. स्वेटर मात्र विणायला घेतलाय. जोशीमठला संध्याकाळी खोलीवर घालायला तो छान होईल.